औरंगपुऱ्यातील सतरा सप्टेंबर

सन २०२४ च्या भाद्रपद शुद्ध चतुर्दशीस आम्ही छत्रपती संभाजीनगरास, औरंगपुऱ्यातील आमच्या जुन्या घरी होतो. कारण दुहेरी होते. घरच्या अनंताच्या पूजेस पुण्याच्या माणसांनी एकदा तरी यावे, असा थोरल्या चुलतबंधूंचा, म्हणजे दादांचा, अनेक वर्षांचा आग्रह होता. दुसरे कारण पंचांगाने जुळवून आणले होते. त्या वर्षी अनंत चतुर्दशी नेमकी १७ सप्टेंबरला आली होती, आणि १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. आदल्याच दिवशी ईद-ए-मिलाद होऊन गेलेली. गुलमंडीवरून येताना रस्त्यावर हिरव्या पताका अजून उतरल्या नव्हत्या, भगव्या चढल्या होत्या, आणि शाळांच्या दारांत मुले तिरंग्याच्या दोऱ्या ओढीत होती. एका रस्त्यावर इतक्या रंगांना एकाच दिवशी काम पडलेले आम्ही पूर्वी पाहिले नव्हते.

औरंगपुरा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. या शहरात पुरे पुष्कळ. मोगलांच्या पदरी असलेले सरदार जेथे तळ देऊन राहिले तेथे त्यांच्या नावाची वस्ती उठली. बिकानेरच्या करणसिंहाचा करणपुरा, त्याच्या मुलाचा पदमपुरा, मिर्झाराजा जयसिंहाचा जयसिंगपुरा, बुंदेल्यांचा पहाडसिंगपुरा. नवरात्रात सारे शहर ज्या देवीच्या यात्रेस लोटते ती तुळजाभवानी त्याच करणपुऱ्यात आहे; रजपूत राजाच्या नावाच्या वस्तीत मराठ्यांची कुलदेवता नांदते आणि यात कोणाला काही नवल वाटत नाही. औरंगपुरा मात्र नावाने बादशाही आणि वृत्तीने बाजारी. पैठण दरवाजा आणि गुलमंडी यांच्या शेजारचा हा भाग भाजीचा, पुस्तकांचा, वह्या-दप्तरांचा आणि शाळांचा. जून महिन्यात येथे उभे राहावयास जागा नसते. चौकात महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांचे पुतळे आहेत. जवळच जिल्हा परिषदेचे मैदान असून तेथील विहिरीत गणपती विसर्जन होतात, त्यामुळे राजाबाजारातील संस्थान गणपतीपासून निघालेली मिरवणूक अखेर आमच्याच दारावरून जाते. आणि येथेच सरस्वती भुवन ही शाळा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, सरकारी शिक्षण उर्दूतून असताना, मराठी मुलांना मराठीतून शिकविण्याकरिता ती निघाली. आमच्या घरातील तीन पिढ्या तिच्याच बाकांवर बसल्या.

शहराच्या नावाचे तर पुराणच आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी या खेड्याजवळ नगर वसविले. त्याचा मुलगा फत्तेखान याने त्यास फत्तेहनगर म्हटले. १६५३ नंतर औरंगजेबाने ते औरंगाबाद केले. आणि २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. खडकीची आठवण राहिली असेल तर ती औरंगपुऱ्यालगतच्या खडकेश्वर महादेवाच्या नावात. प्रत्येक राज्यकर्त्याने या नगराकडे निशाणाची काठी म्हणूनच पाहिले, आणि काठीवर आपापले कापड चढविले. दादा अजून बोलताना औरंगाबाद म्हणतात, लिहिताना संभाजीनगर लिहितात, आणि रिक्षावाल्याला नुसते ‘औरंगपुरा’ सांगतात. तेवढे एक नाव कोणाच्या तडाख्यात सापडले नाही.

आमच्या घराण्याची फाटाफूट समजल्यावाचून पुढील हकीकत समजणार नाही. आमचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते. हैदराबाद संस्थानचे जिल्हे सोळा. आठ तेलुगूंचे, पाच मराठ्यांचे, तीन कानड्यांचे. दरबारी भाषा यांपैकी एकही नव्हे, ती उर्दू. कारकुनाची बदली आज परभणीस, उद्या रायचुरास, परवा नलगोंड्यास होई. त्यामुळे आजोबांचे थोरले चिरंजीव औरंगपुऱ्यात राहिले, दुसरे (आमचे तीर्थरूप) शिक्षणास पुण्यास गेले ते तिकडचेच झाले, तिसरे गुलबर्ग्यास वकील झाले आणि धाकटे बाळकाका अखेरीस हैदराबादेस स्थिरावले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना होऊन संस्थानाचे तीन तुकडे झाले तेव्हा एका बापाच्या चार मुलांची घरे तीन राज्यांत गेली. कोणीही घर हलविले नव्हते. राज्येच हलली होती.

आता या तिन्ही राज्यांत सतरा सप्टेंबर पाळला जातो. तारीख एक, नावे तीन. आमच्याकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या सिद्धार्थ उद्यानात हुतात्म्यांचा स्मृतिस्तंभ आहे, तेथे मुख्यमंत्री ध्वज उभारतात. गुलबर्ग्याकडे पूर्वी त्यास हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन म्हणत. २०१९ साली त्या मुलुखाचे नावच कल्याण कर्नाटक ठरले, बसवेश्वरांच्या कल्याणाची आठवण ठेवून, आणि दिवसास कल्याण कर्नाटक उत्सव दिन हे नाव आले. निजामाच्या राजधानीचे नाव त्यांनी आपल्या प्रांतातून काढून टाकले. खुद्द हैदराबादेत तर या दिवसाचे नाव अजून बसावयाचेच आहे. अनेक वर्षे तेथील सरकारे तो पाळीतच नव्हती. २०२२ पासून केंद्र सरकार तेथे हैदराबाद मुक्ती दिन करू लागले. त्याच साली राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून तो साजरा केला. आणि २०२४ साली, म्हणजे आम्ही औरंगपुऱ्यात होतो त्याच दिवशी, सरकार बदललेले असल्यामुळे त्याचा प्रजापालन दिनोत्सव झाला. नावात काय आहे असे म्हणणाऱ्याने एकदा या तीन शहरांतून त्या दिवशी हिंडून यावे. ‘मुक्ती’ म्हटले की कोणापासून हा प्रश्न येतो, ‘एकात्मता’ म्हटले की लढले ते कशासाठी हा येतो, आणि ‘प्रजापालन’ म्हटले की उत्तर देण्याची पाळीच येत नाही.

घटना वाचकांस माहीत आहे, तथापि नव्या पिढीसाठी दोन ओळी. १९४७ च्या १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण निजाम उस्मान अली खान हिंदी संघराज्यात सामील झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता; दुसऱ्या बाजूस कासिम रझवी याचे रझाकार. रझवी लातूरचा वकील, हे मराठवाड्याने विसरू नये. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. औरंगाबाद त्याआधीच सैन्याच्या हाती आले होते. या कारवाईस सरकारी कागदात ‘पोलो’ म्हणत, लोकांच्या तोंडी ती ‘पोलिस अ‍ॅक्शन’ झाली. आमच्या आजीच्या काळगणनेत तर ती एक शकच होती. “अमक्याचे लग्न अ‍ॅक्शनच्या आधीचे, तमकीचा मुलगा अ‍ॅक्शनच्या सालचा,” असा तिचा हिशेब असे.

शकाचा विषय निघाला म्हणून एक विषयांतर क्षम्य समजावे. पैठण दरवाजातून निघणारी वाट ज्या पैठणास जाते तेथील शालिवाहनाच्या नावाने चालणारा शक १९५७ साली साऱ्या राष्ट्राचा अधिकृत शक झाला. डॉ. मेघनाद साहा यांच्या समितीने तो सुचविला. परंतु राष्ट्रीय दिनदर्शिकेचा चैत्र २२ मार्चला, प्लुत वर्षी २१ ला, सुरू होतो आणि आमचा पाडवा चंद्राच्या मर्जीने येतो. त्यामुळे राष्ट्राचे नववर्ष सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात उजाडते, तेथे कोणी गुढी उभारीत नाही. उलट पाडवा मराठी, उगादी तेलुगू आणि कानडी, नावे दोन असली तरी दिवस एकच, कडुनिंबही एकच. राजपत्राने जे साधले नाही ते कडुनिंबाने साधले आहे.

असो. पूजेच्या आदल्या संध्याकाळी हैदराबादेहून माई आली. माई म्हणजे बाळकाकांची कन्या, वय पंचाहत्तरीचे. मराठी घरातली खरी, पण शाळा तेलुगू. बोलणे मराठी, हिशेब तेलुगूत, आणि संताप आला की दखनी उर्दू. तिने येताना अनंताचा चौदा गाठींचा दोरा तिकडचा आणला होता. त्यांच्याकडे हे अनंत पद्मनाभाचे व्रत. वहिनींनी दोन्ही दोरे शेजारी ठेवून गाठी मोजल्या. चौदाला चौदा जुळल्या तेव्हा दोघींना जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता.

रात्री अंगणात बसल्यावर माईने तेलंगणाच्या राजचिन्हांची गोष्ट काढली. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले आणि नव्या राज्याने आपली चिन्हे ठरविली. पक्षी पालपिट्टा, वृक्ष जम्मी, फूल तंगेडु. नावे ऐकून आम्ही कोरड्या चेहऱ्याने बसलो होतो. मग तिने वर्णन केले तेव्हा कळले की पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख, दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन शुभ मानतात. जम्मी म्हणजे शमी, पांडवांनी शस्त्रे ठेविली ती. आणि तंगेडु म्हणजे मराठवाड्याच्या माळावर पावलोपावली पिवळा फुलणारा तरवड. कर्नाटकाचाही राज्यपक्षी नीलपंखच आहे. आम्ही महाराष्ट्राचे शेकरू, हरियाल आणि ताम्हण सांगू लागलो तो दादा म्हणाले, “शेकरू भीमाशंकरच्या रानातले. आमच्या नातवाने ते चित्रातच पाहिले आहे. तरवडाचे फूल म्हण, तर आत्ता बांधावरून आणून देतो.” दादांचे म्हणणे पटण्यासारखे होते. राज्याचे चिन्ह राजधानीतून निवडले जाते. चिन्ह सोयीचे, पण आपले नव्हे. तरवडाच्या फुलांनी तिकडे बतुकम्मा सजवितात. भाद्रपदी अमावास्येस, ज्या दिवशी आपण सर्वपित्रीचे पान वाढतो, त्या दिवशी त्यांच्या बायका फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती फेर धरतात. आमच्या वहिनी हळूच म्हणाल्या, “भोंडलाच की हा.” माईला भोंडला ठाऊक नव्हता.

सण भाषेच्या वेशीवर थांबत नाहीत, याचे सर्वांत चांगले उदाहरण मराठवाड्याच्याच दक्षिण टोकाला आहे. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येस वेळ अमावास्या, लोकभाषेत येळवस, करतात. शेतात कडब्याची कोप उभारून तीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य होतो. गावेच्या गावे ओस पडून सारी माणसे शिवारात जेवतात. हा सण शेजारच्या कानडी मुलुखातील ‘एळ्ळ अमावास्या’. शेताभोवती फिरताना म्हणावयाचे बोल आजही अर्धे कानडी आहेत, आणि म्हणणाऱ्या मराठी शेतकऱ्यास त्यांचा अर्थ विचारला तर तो हसतो. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुटी असते. पुण्यामुंबईच्या माणसाला त्या दिवसाचे नावही माहीत नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणावर झेंडावंदन झाले. मुले पुष्कळ, भाषण एक, तेही सुदैवाने आटोपशीर. परत आल्यावर पूजा झाली, पुरणाचे जेवण झाले, आणि माईने आपल्या येण्याचे खरे कारण सांगितले. तिला आजोबांची पेटी उघडावयाची होती.

बाळकाकांची कीर्ती आमच्या घरात दंतकथेसारखी आहे. १९३८ साली याच शहरातील इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी संप केला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या तरुणांचे त्यांना पाठबळ होते. लोण हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांपर्यंत गेले, आणि शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली. त्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. संस्कृत-बंगाली गीत, ते म्हणणारी मुले मराठी, तेलुगू आणि कानडी, शिक्षणाची भाषा उर्दू. एका चालीवर सारे संस्थान जागे झाले. तेलुगू मुलांत पी. व्ही. नरसिंह राव होते. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, पण हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली ही गोष्ट मराठी वाचकांतही थोड्यांस ठाऊक असते. तुरुंगात मार खाऊनही घोषणा न सोडल्यामुळे रामचंद्र राव नावाच्या तेलुगू गृहस्थांना ‘वंदे मातरम्’ ही उपाधीच लागली आणि जन्मभर तीच त्यांची ओळख झाली. १९५० च्या २४ जानेवारीस राष्ट्रगीताचा निर्णय झाला तेव्हा ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान मिळाला, त्या वेळी यांपैकी किती जणांचे डोळे ओलावले असतील, कल्पना करावी.

बाळकाका त्या मुलांत होते. कोणत्या संस्थेत, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. घरातील कथा अशी की माफी लिहून दे, नाव ठेवतो, असे त्यांस सांगितले गेले; त्यांनी दिली नाही; त्याच रात्री ते नागपुरास निघून गेले, आणि अ‍ॅक्शन होईपर्यंत, म्हणजे दहा वर्षे, त्यांनी औरंगपुऱ्याची पायरी चढली नाही. निजामाच्या राज्यात पाऊल टाकणार नाही अशी त्यांची प्रतिज्ञा होती, असे आम्हांस लहानपणापासून सांगत. माईच्या नातवाला शाळेत या विषयावर काही लिहावयाचे होते. पणजोबांना काढून टाकल्याचा कागद पेटीत आहे असे तिने वडिलांकडून ऐकले होते. तो चौकटीत बसवून न्यावा, अशी तिची इच्छा.

पेटी सागवानी, कडी गंजलेली. आत पागोट्याचे तुकडे, दोन जन्मपत्रिका, आणि हाली चलनाच्या काही नोटा. त्या नोटा आम्ही उन्हात धरून पाहिल्या. निजामाच्या नोटेवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीही आहे. दरबारात ज्या भाषांना जागा नव्हती त्यांना नोटेवर होती. पैशाला प्रजा समजावी लागते. माईच्या नातवाने खिशातून आजची वीस रुपयांची नोट काढून शेजारी ठेवली. तिच्या पाठीवर वेरूळची लेणी आहेत आणि भाषांची पट्टी पंधरा ओळींची आहे.

नोटांखाली कागदांचे बाड होते. सारे उर्दू. आणि घरात उर्दू वाचणारा एकही माणूस उरला नव्हता! ज्या आजोबांनी तीस वर्षे याच लिपीत सरकारचा महसूल लिहिला, त्यांच्या नातवंडांना त्यांची सहीसुद्धा ओळखता येईना. उर्दूही या शहरास परकी नव्हे. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी येथलेच. मौलवी अब्दुल हक यांनी उर्दूच्या कोशाचे मोठे काम याच शहरात बसून केले. आम्ही मात्र ती भाषा राज्याबरोबर घालवून बसलो.

दादांनी शेजारच्या मास्तरसाहेबांस बोलावणे पाठविले. हे निवृत्त उर्दू शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. दरवर्षी अनंताच्या प्रसादास येतातच. येऊन बसले, पुरणपोळीस आग्रह नको म्हणाले आणि दोन खाल्ल्या. दादा सहज म्हणाले, “आज मुक्तिदिन, मास्तरसाहेब. तुम्ही शाळेत दिसला नाहीत.” मास्तरसाहेब थोडे थांबून म्हणाले, “झेंड्याला सलाम घरून केला, दादासाहेब. हा झेंडा माझाही आहे. पण आमच्या घरी या तारखेला पोलिस अ‍ॅक्शनच म्हणतात. वालिदांचे दोन भाऊ उस्मानाबादकडे होते. ते रझाकार नव्हते, विणकर होते. त्या महिन्यात गेले.” कोणी काही बोलले नाही. त्या दिवसांत रझाकारांनी काय केले हे आमच्या आजीने आम्हांस पुष्कळ सांगितले होते. अ‍ॅक्शननंतर काय झाले हे तिने कधी सांगितले नव्हते. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस त्या मुलुखात हिंडून जो अहवाल दिला त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पोळलेले म्हणून नोंदले आहेत, आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे. तो अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. सतरा सप्टेंबरला हैदराबादेत एक नाव का टिकत नाही, याचे अर्धे कारण त्या कागदांत आहे असे आम्हांस वाटते. रझाकारांना बळी पडलेल्यांचे स्तंभ उभे राहिले, ते राहावयासच हवे होते. दुसऱ्यांचा स्तंभ नाही आणि सुटीही नाही.

मास्तरसाहेबांनी चष्मा लावला. एकेक कागद घेऊन ते सांगू लागले. बदलीचा हुकूम. पगाराची पावती. रजेचा अर्ज. मग एक दुमडलेला कागद उलगडून त्यांनी तो मनातल्या मनात वाचला, पुन्हा वाचला, आणि माईकडे न पाहता दादांकडे पाहिले.

“वाचा ना,” माई म्हणाली.

“बहनजी, हा काढून टाकल्याचा कागद नाही. हा माफीनामा आहे.”

अर्ज बाळकाकांच्या नावे होता. मुलगा अल्पवयीन आणि नादान आहे, इतरांच्या चिथावणीने त्याने गीत म्हटले, यापुढे म्हणणार नाही, हुजुरांनी दरगुजर करावी, बाप सरकारचा जुना नोकर आहे. अक्षर आजोबांचे. दादांनी पगाराच्या पावतीवरील सहीशी ताडून पाहिले. शंकेला जागा नव्हती. खाली मुलाची सही हवी होती तेथे कोरे होते.

अंगणात बराच वेळ शांतता होती. गुलमंडीकडून ढोल ऐकू येऊ लागले होते. आमच्या मनात जे आले तेच बहुधा दादांच्याही मनात आले असावे. दहा वर्षे ज्या पायरीचा बाळकाकांनी त्याग केला ती निजामाच्या राज्याची नसून या घराचीच होती. नोकरी जाईल म्हणून घाबरलेला बाप आणि सही न करता मध्यरात्री निघून गेलेला मुलगा, यांच्यामध्ये हा कागद होता. आजोबांना भ्याड म्हणावे, तर त्या पगारावर घरातील नऊ माणसे जेवत होती, आणि आमच्या तीर्थरूपांचे पुण्याचे शिक्षण त्याच पैशांवर झाले.

“हा दिला गेला होता का?” माईने विचारले.

मास्तरसाहेबांनी कागद उलटसुलट केला. “दाखल झाल्याचा शिक्का नाही. नक्कल असेल, किंवा दिलाच नसेल. कागदावरून सांगता येत नाही.”

दादा म्हणाले, “पेटीत परत ठेवू. मुलाला वृत्तपत्रातले काही कात्रण देता येईल.” वहिनींनीही मान हलविली. माई काही बोलली नाही. तिने नातवाकडून वही मागून घेतली, पदराने चष्मा पुसला आणि मास्तरसाहेबांस म्हणाली, “भाईसाहब, पहिल्यापासून वाचा. सावकाश. मी लिहून घेते.”

मास्तरसाहेब एकेक शब्द सुटा करून वाचू लागले. माई लिहीत होती. आम्ही वाकून पाहिले तो अक्षरे गोल, तेलुगू. उर्दू शब्द जसेच्या तसे त्या लिपीत उतरत होते, कारण तिच्या हाताला तीच लिपी वेगाने येते आणि तिच्या नातवाला तीच वाचता येते. एका जागी ती अडली. ‘दरगुजर’ला मराठीत काय म्हणतात, तिने दादांना विचारले. दादा क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, “पोटात घालणे.” तिने तेही तेलुगू अक्षरांत कंसात लिहिले.

तेवढ्यात संस्थान गणपती चौकात आल्याची वर्दी घेऊन मुले धावत आली. मास्तरसाहेब शेवटच्या ओळीवर होते. वहिनी आरतीचे तबक घेऊन दारात जाऊन उभ्या राहिल्या, आणि ढोलांच्या आवाजात ती ओळ माईला दोनदा विचारावी लागली.